पालखीची लोड ऑर्डर

जास्त झाडं, आवृत्ती ४.२
*जंगल दुप्पट दाट होतं. सूचना: रस्ते बदलणारं आधी काही लावलेलं असेल तर क्रम तपासावा.*

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता स्वप्नीलचा घोडा झाडावर चढला.

पुढचे दोन पाय फांदीवर, मागचे दोन हवेत, आणि तोंड मात्र खाली गवत असल्यासारखं शांतपणे चरतंय. स्वप्नीलनं आधी स्क्रीनवरच्या घोड्याकडे पाहिलं, मग यादीकडे. यादीत एकशे त्रेचाळीस मॉड होते. एका कंपनीनं डोंगर, गावं, लांडगे, तलवारी असलेलं अख्खं जग गेम म्हणून बनवून विकलं होतं. ज्यांना ते जग आवडलं पण पुरेसं वाटलं नाही, अशा खेळणाऱ्यांनी देशोदेशी आपापल्या घरी बसून त्यात फुकट भर घातली होती. ती भर म्हणजे मॉड. कुणी पाऊस सुधारला होता, कुणी घोड्यांच्या आयाळी. एका माणसानं चार वर्षं खपून फक्त बेकरीतले पाव खरे वाटतील असे केले होते. स्वप्नीलनं तेही लावले होते.

"तू हे खेळतोस कधी रे?" नम्रता गवार मोडत बसली होती. भिसेगावातल्या त्या फ्लॅटमध्ये कुठंही बसलं तरी तो स्क्रीन दिसायचाच.

"नीट लागलं की खेळणार."

"सहा वर्षं झाली. लग्नाच्या आधीपासून लावतोयस."

"एवढं झाड आणि घोडा मिटले की झालं."

खालापूरला टोलनाक्याजवळच्या एका गोदामात सहा दिवस सुपरवायझरकी करून सातव्या दिवशी तो इथं बसायचा. एक मॉड लावायचा, त्यानं दुसरा बिघडायचा, तो दुरुस्त करता करता संध्याकाळ व्हायची. सहा वर्षांत त्याचा शूर नायक पहिल्या गावाच्या वेशीबाहेर गेला नव्हता. त्या गावातली एक म्हातारी 'लांडगा मारून दे' म्हणत पहिल्या दिवसापासून दारात उभी होती. लांडगा जिवंत होता. म्हातारीच्या अंगावरचं कापड मात्र स्वप्नीलनं तीनदा सुधारलं होतं.

बेल वाजली. दारात धाऊकाका. हातात कैऱ्यांची पिशवी, चेहऱ्यावर पालखी.

"यादी झाली का रं?" चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं.

धाऊकाका म्हणजे स्वप्नीलच्या वडिलांचे, सहदेवचे, थोरले चुलतभाऊ. एसटीत तीस वर्षं मेकॅनिक होते. अजूनही कुठलंही यंत्र दिसलं की आधी खालून वाकून बघायचे. आणि यादी म्हणजे कळंबच्या गावदेवीच्या जत्रेची. चैत्रात पालखी निघते, सत्तावीस घरांच्या दारात थांबते, बाया ओवाळतात, नारळ फुटतो. घोळ होता तो देवळापुढच्या तिठ्यावर. डाव्या हाताला धाऊकाकांचं घर, उजव्या हाताला सहदेवचं. पावलं मोजली तरी सारखीच. मोजून झाली होती. गेल्या वर्षी 'पयला मान कुनाचा' यावर पालखी तिठ्यावर तीन तास उभी राहिली. देवी उन्हात, खांदेकरी घामात. तेव्हापासून दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. एखाद्या पंगतीत शेजारी बसावं लागलं तर धाऊकाका वाढप्याला म्हणायचे, "त्याला मीठ पायजे असंल," आणि सहदेव त्याच वाढप्याला म्हणायचा, "त्याला सांग, वाढलंय."

यंदा पंचांनी यादी लिहायचं काम स्वप्नीलवर टाकलं. एक, त्याच्या घरी प्रिंटर होता. दोन, तो गावात राहत नव्हता, त्यामुळं शिव्या घालायला सोपा होता. पुन्हा खोळंबा झाला तर पालखी दारोदार न फिरता देवळाभोवती एक फेरी मारून आत जाईल, ती कायमची, असंही त्यांनी बजावलं होतं. स्वप्नीलच्या आईनं, इंदूबाईनं, फोनवर वेगळंच सांगितलं होतं: "यादी कशी पन लिही रं. पन या दोगांना बोलतं कर. माझ्या डोळ्यांदेखत नाय बघवत."

त्या वाक्यानं स्वप्नीलची आठ दिवस झोप उडाली होती. घोड्यानं नव्हे.

खरोखरचा पाऊस, आवृत्ती ३.१
*ढग सात प्रकारचे. सूचना: दुसऱ्या कुठल्याही पावसासोबत लावू नये.*

"यादी होतेय काका," स्वप्नील म्हणाला. "बसा ना."

धाऊकाका बसले ते थेट स्क्रीनसमोर. "ह्यो घोडा झाडावर का रं?"

"क्रम चुकलाय. झाडांचा मॉड खाली गेला, रस्त्याचा वर राहिला."

"मंग?"

"मग जो खाली, त्याचं चालतं. एकाच जागेला दोघांनी हात घातला, की यादीत जो शेवटी असेल तो वरच्याला खातो. याला लोड ऑर्डर म्हणतात. रस्त्यावर झाड आलं, घोडा रस्ता समजून चालत गेला."

धाऊकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. मेकॅनिक जागा झाला होता. "दाव."

स्वप्नीलनं दाखवलं. यादीत पावसाचे दोन मॉड होते, एक निळसर पाऊस पाडणारा, एक काळाकुट्ट. काळा खाली होता. गेममध्ये काळा पाऊस पडला. धाऊकाकांनी हुकूम सोडला, "उलटं कर." उलटं केलं. निळा पडला. "परत." काळा. "परत." निळा.

"म्हंजी वरचा नुसता नावाला?"

"असतो तो. पण दिसतो खालचा."

"आनि सगळ्यात शेवटचा?"

"त्याच्यावर कुणीच नाही. त्याचा शब्द शेवटचा."

धाऊकाका बराच वेळ पाऊस बघत राहिले. मग त्यांनी मान अशी काही हलवली, की जणू तीस वर्षं एसटीच्या गाड्यांखाली पडून जे कळलं नाही ते आता कळलं. "मंग माजं घर शेवटाला घाल."

"काय?"

"पालखी. सत्तावीस नंबर. सहदेव घेऊ दे तो पयला. त्याला काय समजतंय."

हे गेमचं आहे काका, पालखीचं नाही, एवढंच स्वप्नीलनं म्हणायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण डोळ्यांपुढं आई आली, तिठा आला, आणि एक स्वच्छ रस्ता दिसला: बाबा पहिले, काका शेवटचे, भांडण नाही. स्वप्नीलनं तोंड मिटलं. पुढच्या सगळ्याचं मूळ हे एवढंच.

"कैऱ्या आंबट हायत, लोणचं घाल गं," नम्रताला सांगून धाऊकाका गेले. जिन्यावरून त्यांचं शीळ घालणं ऐकू आलं.

"तू आत्ता म्हाताऱ्या माणसाला फसवलंस," नम्रता म्हणाली.

"मी नाही म्हणालो नाही, इतकंच."

"हो ना. तेच म्हणतेय."

गावकऱ्यांना आठवण राहते, आवृत्ती १.०
*नायकानं केलेला अपमान गावकरी चाळीस दिवस विसरत नाहीत. सूचना: एकदा लावल्यावर काढता येत नाही.*

धाऊकाकांच्या पोटात ही गोष्ट कळंबच्या फाट्यापर्यंत राहिली. फाट्यावरच्या चहाच्या टपरीपासून ती गावात शिरली. शेवटचा तोच खरा. कंप्युटरवर बघून आलोय. पाऊस पाडून बघितला, चारदा.

सोमवारी दुपारी, डबा खाताना, स्वप्नीलला फोन आला. गजाकाका. त्यांचं घर गावाच्या पार टोकाला, कालव्याला लागून.

"सव्वीस नंबर कुनाचा रं?"

"तुमचा, काका. एक वर सरकवलाय तुम्हाला. म्हटलं, तुम्ही नेहमी तक्रार करता की पालखी येईपर्यंत बारा वाजतात..."

"चाळीस वर्सं!" गजाकाका असे ओरडले, की गोदामातल्या हमालांनी वर पाहिलं. "चाळीस वर्सं मला शेवटाला ठेवलात. हार सुकल्याले, वाजवनाऱ्यांचा दम गेल्याला, आरतीची दोन कडवी गाळल्याली. कवा कुनी इचारलं? आनि आता शेवट भारी निघाला, तर काढून घेता व्हय?"

"काका, तसं नाही—"

"माझा सत्तावीस माझ्याकडं ऱ्हाईल. नायतर पालखी कालव्याच्या अलीकडंच थांबंल."

संध्याकाळपर्यंत आणखी पाच फोन झाले. कुणालाच वर सरकायचं नव्हतं. गेली कित्येक वर्षं ज्यांनी नंबर सहाचा पाच व्हावा म्हणून पंचांना चहा पाजला होता, ते आता चौदावर समाधानी नव्हते, विसाव्याकडं बघत होते. शेवटचा फोन स्वप्नीलच्या बापाचा.

"माजं नाव कुठं घातलंस?"

"पहिलं, बाबा! तुम्हाला हवं होतं तसं."

सहदेव पलीकडून अगदी हळू म्हणाला, "बापाला वर घातलंस. आनि चुलत्याला खाली. चांगलं शिकलास."

कडक पहारेकरी, आवृत्ती २.६
*चोरी लहान असली तरी शिक्षा होते.*

मंगळवारी एक ईको गाडी भरून कळंबचे लोक भिसेगावात उतरले. नुसतं ऐकून कोण विश्वास ठेवणार? पाऊस बघायचा होता.

नम्रतानं चहाचं मोठं पातेलं चढवलं. बैठकीत अकरा माणसं, त्यांच्या मधोमध स्वप्नील, दर पाच मिनिटांनी पाऊस उलटा करत. निळा पडला की "हां!" व्हायचं, काळा पडला की "बगा!" गजाकाका सगळ्यात मागं उभे होते. सगळ्यात मागं उभं राहणं आता त्यांना परवडत होतं.

त्या अकरांतल्या जनाआत्याला पावसात रस नव्हता. तिनं माऊस मागून घेतला. गेममधल्या बाजारात हिंडताना तिला एक कोबीचा गड्डा दिसला.

"घट हाय का बघते," असं म्हणत तिनं तो उचलला. पाच पहारेकरी धावत आले. पडदा काळा झाला आणि शूर नायक तुरुंगात पडला.

"अगं बाई! मी ठेवनारच व्हती!"

"आत्या, चोरी धरतात तिथं."

"दाबून बघितल्याशिवाय कोबी घेत्यात का कुनी? ह्यो गेम बाप्यानंच केलाय." तिनं माऊस आपटला. "सांग त्या पहारेकऱ्याला, मी कळंबची हाय. त्याच्या आईला बोलवून आन."

निघताना अकराही जणांनी स्वप्नीलला एकेकटं गाठलं: जिन्यात, गॅलरीत, एकानं तर बाथरूमच्या दारात. सगळ्यांचं म्हणणं एकच. "आपलं नाव तेवढं खाली घे. बाकीच्यांना सांगू नकोस."

आपोआप क्रम, आवृत्ती ०.९
*सगळे मॉड आपोआप योग्य क्रमानं लागतात. सूचना: प्रायोगिक.*

बुधवारी स्वप्नीलनं हे बटण दाबलं. घोडा झाडावरून उतरून म्हातारीच्या चुलीत जाऊन उभा राहिला. पालखीसाठी असं बटण नसल्याचं त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं.

गुरुवारी त्यानं सत्तावीस नावांची यादी छापली, आणि नावांपुढं आकडे घातलेच नाहीत.

गावगप्पा, आवृत्ती १.४
*नायक जवळ नसला तरी गावकरी आपापसात बोलतात. सूचना: नायक दोघांच्या मध्ये उभा असल्यास चालत नाही.*

शुक्रवारी, जत्रेच्या दिवशी, सकाळी सातला पालखी देवळातून निघाली, साठ पावलं चालली आणि तिठ्यावर थांबली.

"पयलं घर कंचं?" खांदेकऱ्यांचा म्होरक्या पोशा यानं विचारलं.

यादी हातोहात फिरली, उलटी करून पाहिली गेली. आकडे मागच्या बाजूलाही नव्हते. मग जे सुरू झालं ते गेल्या वर्षीचंच भांडण होतं, फक्त आतलं बाहेर करून घातलेलं.

"तुमचा मान, तुमी घ्या."

"छे छे, आमी कोन? तुमी घ्या."

"तुमचं घरानं जुनं."

"तुमचं तर त्याहून जुनं! भिंती बघा की."

इतक्या गोड शब्दांत इतक्या रागानं बोलणारी माणसं स्वप्नीलनं कधी पाहिली नव्हती. आठ वाजले. साडेआठ वाजले. वाजंत्री वाजवायचे थांबून वडापाव खायला लागले. पंच सावलीत बसले आणि देवळाच्या दाराकडं बोट करून काहीतरी कुजबुजले. ते 'आता एक फेरी मारून आत' असंच असणार, हे स्वप्नीलला लांबूनही कळलं. सहा वर्षं त्यानं एक गाव बिघडवलं होतं, ते बंद करून झोपता यायचं. हे गाव बंद करता येत नव्हतं.

एकेक करून बाकीचे मागं सरकले आणि तिठ्याच्या मधोमध दोघंच उरले. डावीकडं धाऊकाका, उजवीकडं सहदेव. मध्ये दोन हात अंतर. त्या दोन हातांत स्वप्नील.

"स्वप्नील," सहदेव समोर बघत म्हणाला, "काकाला सांग, थोरला तो हाय. पयला मान त्याचा."

"काका, बाबा म्हणतायत, पहिला मान तुमचा."

"बापाला सांग, पालखीचा खर्च गेल्या साली त्यानं जास्ती केला. पयलं त्याचंच दार."

"बाबा, काका म्हणतायत—"

"आयकलं मी. त्याला सांग, नारळ त्याचे व्हते."

"काका, नारळ..."

"त्याला सांग, नारळ नासके निघाले!"

"बाबा, नारळ नासके निघाले."

"तरी बी त्याचे व्हते, सांग!"

सव्वानऊपर्यंत स्वप्नीलनं दोन हातांच्या अंतरातून सव्वाशे वाक्यं वाहिली असतील. चैत्राचं ऊन डोक्यावर चढलं होतं. घशाला कोरड पडली, आवाज फाटला, आणि शेवटी "काका, बाबा म्हणतायत" एवढं म्हणून पुढचं त्याला आठवेचना. त्यानं दोन्ही हात जोडले आणि सरळ उजवीकडच्या घराकडं चालू लागला. दारात इंदूबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. वाऱ्यानं विझलेलं निरांजन तिनं चौथ्यांदा लावलं होतं.

"आई, पाणी दे. माझ्याकडून काय होत नाही. सगळी वाट लावली मी."

तिनं मान हलवली, ओट्यावरच्या माठाकडं बोट केलं. त्यानं उभ्या उभ्या दोन तांबे रिकामे केले. तिसरा भरताना पोशाचा आवाज ऐकू आला.

"ठरवा तुमी! खांदा माजा हाय!"

पालखी उचलली गेली. पोशानं डावीकडं पाहिलं नाही, उजवीकडं पाहिलं नाही, नाकासमोरचा रस्ता धरला आणि जे दार आधी आलं त्या दारात देवी नेऊन उभी केली. ते जनाआत्याचं निघालं. दारात देवी उभी राहिल्यावर 'मागनं या' म्हणायची छाती कुणाची? जनाआत्यानं धांदलीत पदर खोचला, ताट शोधलं, ओवाळलं. वाजंत्री हातातला वडापाव तोंडात कोंबून धावले. मग शेजारचं दार, मग त्याच्या पलीकडचं. पोरं, बाया, पंच, सगळी गर्दी मागं निघाली. "ही दोन घरं येताना बघू," पोशा मागं न वळता म्हणाला. गजाकाका मात्र सगळ्यांच्या पुढं पळत सुटले होते, कालव्याकडं. पालखी येईपर्यंत अंगण पुन्हा झाडून घ्यायचं होतं.

तिठा रिकामा झाला. उरले दोघं.

"अरं, थोरला हायस, घे ना!"

"थोरला हाय म्हनूनच सांगतो, तू घे!"

"तुला लहानपनापासून कुनाचं आयकायचंच नाय."

"मला? नदीवर पवायला शिकवत व्हतो तवा कोन आयकत नव्हतं? बुडालास ते?"

"बुडालो नाय! बुडी मारली व्हती!"

"बुडी! नाकातनं पानी येत व्हतं तुझ्या. उलटा टांगून काढलं मी."

"आनि घरी कुनी सांगितलं? मार कुनाला पडला?"

"मलाच पडला की रं! तुला तर तुझ्या आयनं गूळ दिला!"

"अर्धा तुला आनला व्हता!"

"आनला व्हतास," धाऊकाका म्हणाले. "मुंग्या लागल्याला."

"मुंग्या तू उशिरा आलास म्हनून लागल्या!"

स्वप्नील तांब्या हातात धरून बघत राहिला. वाजंत्रीचा आवाज आता चौथ्या-पाचव्या घरापाशी पोचला होता. त्या दोघांना त्याचा पत्ता नव्हता. सहदेवनं बोलता बोलता धाऊकाकांच्या डोक्यावरची टोपी काढून त्यांना सावलीकडं ओढलं होतं, आणि धाऊकाका सावलीत उभे राहून, टोपी परत मागत, पुढच्या मुद्द्यावर आले होते.

"आई, पालखी पार पुढं गेली," स्वप्नील म्हणाला. "त्यांना सांगून येतो."

इंदूबाईनं ताट एका हातावर घेतलं आणि कुंकवाच्या बोटांनी त्याचं मनगट घट्ट पकडलं.

"गप ऱ्हा," ती कुजबुजली. "बोलत्यात ते. ध्यानात आलं, तर थांबतील."